जनरलसाहेब नेमकं काय म्हणाले

सौ. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात खुर्चीत ताठ बसून करतोय, कारण मागच्या आठवड्यात एक पितळी पाटी एकट्याने उचलायला गेलो आणि कंबर धरली. (तुझी भावजय म्हणते, पाटीपेक्षा माझा हट्ट जड होता. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.) तुझा खांदा आता कसा आहे? शेक घेतेस का, की शेकाची पिशवी नुसती खांद्यावर ठेवून स्वयंपाक करतेस? दाजींची नवी कवळी बसली का? फोनवर म्हणाली होतीस की वरच्या पट्टीत गेलं की क्लॅरिनेटमधून सूर आणि तोंडातून कवळी एकदमच बाहेर येतात. त्यांना म्हणावं, थोडे दिवस खालच्या पट्टीत वाजवा, ऐकणाऱ्यांनाही तेवढाच आराम. इकडे आम्ही सगळे ठीक. नानांची प्रकृती चांगली आहे. नानांबद्दल मी दर वेळी एवढंच सांगतो आणि तू दर वेळी एवढंच ऐकून पुढे जातेस हे मला ठाऊक आहे. या वेळी मात्र जरा थांब.

दर रविवारी फोन करणारा माणूस मध्येच पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे आणि ते मी शेवटी सांगणार आहे. आधी शेवट सांगून मोकळं व्हावं ही कला मला येत नाही. नानांच्या हाताखाली इतिहास शिकल्याचा हा परिणाम. लढाई कोण जिंकलं हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेलं असायचं, तरी नाना आधी दोन्ही बाजूंच्या घोड्यांचा दाणापाणी सांगायचे.

तर झालं असं, की आपल्या शाळेला (म्हणजे नानांच्या शाळेला; आपण तिथे नुसता मार खाल्ला) नवं सभागृह झालं. मुख्याध्यापिकाबाई माझ्या दुकानात आल्या. या बाई नानांच्या विद्यार्थिनी, आणि अजूनही नाना समोर आले की हातातलं सगळं टाकून उभ्या राहतात. म्हणाल्या, सभागृहाच्या दारावर पितळेची मोठी पाटी हवी, वर एखादं स्फूर्तिदायक वाक्य कोरून. माझं दुकान तुला माहीत आहेच. चषक, ढाली, दारावरच्या नावाच्या पाट्या. लोकांना जिंकल्याचं आणि घर असल्याचं जे काही समाधान असतं, ते मी कोरून देतो. नाना नेमके तेव्हा दुकानात बसले होते. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, ‘वाक्य एकच आहे.’ आणि ते कोणतं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच विचारावं लागलं नाही.

तुला ती गोष्ट पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. युद्ध ऐन भरात. आपलं सैन्य मागे मागे येत नदीवरच्या पुलापाशी पोचलेलं, शत्रू समोरच्या टेकडीवर. एक घाबरलेला अधिकारी (नाना त्याचा आवाज काढायचे आणि तो आवाज हुबेहूब आपल्या गणिताच्या मास्तरांचा असायचा) जनरलसाहेबांना काहीतरी विचारतो. काय विचारतो ते इतिहासात नाही. नाना म्हणायचे की मागे हटायचं का, असंच विचारलं असणार. जनरलसाहेब त्याच्याकडे बघतही नाहीत. नजर टेकडीवर ठेवून म्हणतात, ‘मागे जागा नाही.’ इथे नाना टेबलावर डस्टर आपटायचे. खडूची धूळ उडायची आणि आम्हाला त्यात तोफांचा धूर दिसायचा. मग सैन्य जागच्या जागी फिरलं, पूल राखला, आणि तिथून युद्धच फिरलं. आणि मग अर्थ. मागे जागा तर पुष्कळ होती, नकाशात बघा, अख्खा देश होता. जागा नव्हती ती जनरलसाहेबांच्या मनात. स्वाभिमानी माणसाच्या मागे जागा नसते. हे वहीत लिहून घ्यावं लागायचं, आणि परीक्षेत हमखास यायचं.

वर्गातलं वर्गात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण नानांनी ते घरी आणलं. तुला आठवत असेल, नानांनी स्कूटर कधी मागे घेतली नाही. डॉक्टरांचं फाटक चुकून दोन हात पुढे गेलं तर पाय टेकून मागे येणार नाहीत. पाण्याच्या टाकीला वळसा, मग बाजार, मग परत. तू गेल्यानंतरची गंमत सांगतो. एकदा अंगात ताप घेऊन असे निघाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरला होता. डॉक्टरांनी त्यांना हवापालट मानवतो असं लिहून दिलं. एकदा नवे बूट चावले, तर दुकानात परत केले नाहीत. पायांना वळण लावलं. बुद्धिबळात मागे सरकलेला वजीर त्यांना बघवत नाही, म्हणून माझ्याशी ते दर डाव हरतात आणि डाव संपल्यावर मलाच उपदेश करतात.

आणि मग तुझं. ते मी सांगायला नको. तू समोर उभी होतीस, मी दाराआड. दाजी तेव्हा एका वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत होते, आणि तू त्यांच्याशीच लग्न करणार म्हणून सांगितलंस. नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान नंतर घसा बसल्याचं निमित्त मिळतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्गातल्या त्याच आवाजात म्हणाले, ‘जायचं तर जा. मागे जागा नाही.’ तू गेलीस. ते लग्नाला आले नाहीत. आईच्या शेवटच्या दिवसांत तू आलीस, तेव्हाही तुम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच पलंगाच्या दोन बाजूंना बसून, जे बोलायचं ते आईशीच बोलत राहिलात, आणि ती बिचारी इकडून तिकडे मान वळवत राहिली. त्यानंतर इतकी वर्षं गेली. तुझा फोन आला की नाना रेडिओ बंद करतात. ऐकायला नव्हे, म्हणतात. सेल उगाच जळतात म्हणून. (रेडिओ विजेवर चालतो.)

असो. पाटीसाठी समिती बसली. मुख्याध्यापिकाबाई, पीटीचे मास्तर, नाना आणि कोरणारा म्हणून मी. तीन शब्दांच्या वाक्यावर समिती काय बसणार, असं मला वाटलं होतं. पण वाक्य ठरलेलं असलं तरी त्याच्या पुढे काय, हे ठरलेलं नव्हतं. पीटीच्या मास्तरांना उद्गारचिन्ह हवं होतं, शक्यतो दोन. बाईंना टिंबटिंब हवं होतं, म्हणजे मुलं विचार करतील. नानांनी दोघांकडे, मी तुला सांगतो, टेकडीवर बघावं तसं बघितलं. जनरल ओरडत नसतो, म्हणाले, आणि तो अर्धवटही बोलत नसतो. पूर्णविराम. शेवटी पूर्णविरामच ठरला, आणि मी तो इतका खोल कोरला की त्यात मुंगीने संसार थाटावा.

उठता उठता पीटीच्या मास्तरांनी सहज विचारलं, जनरलसाहेब वारले कधी? नाना म्हणाले, ‘अशी माणसं वारत नसतात.’ ते अलंकारिक बोलत होते, पण निघालं खरं. बाईंनी चौकशी केली, तर जनरलसाहेब हयात, खूप म्हातारे, शेजारच्याच गावात मुलीकडे राहतात आणि सकाळी बागेत पाणी घालतात. बाईंनी उद्घाटनाला बोलावलं आणि ते येतो म्हणाले. ही बातमी मी नानांना सांगितली तेव्हा ते दाढी करत होते. त्यांनी उरलेली अर्धी दाढी केली, तोंड धुतलं, आणि पुन्हा साबण लावून सगळी दाढी पहिल्यापासून केली. ज्या माणसाबद्दल आपण आयुष्यभर शिकवलं तो पुस्तकातून खाली उतरून आपल्याला भेटायला येणार, म्हणजे काय होत असेल, तूच विचार कर. त्यांनी कोट काढला. भाषण लिहिलं, खोडलं, आरशासमोर म्हटलं. तुझ्या भावजयीला ते तुकड्यातुकड्याने सगळं पाठ झालं आणि ती भाजी निवडताना पुढचं वाक्य आधीच सांगू लागली, तेव्हा नाना गच्चीवर जाऊन म्हणू लागले.

उद्घाटनाच्या दिवशी गाडी फाटकात आली. पुढून एक उंच, रुंद छातीचा, भरघोस मिशांचा माणूस उतरला आणि पीटीच्या मास्तरांनी टाच आपटून त्याला कडकडीत सलाम ठोकला. तो ड्रायव्हर होता. त्यानेही संकोचून सलाम केला आणि मागचं दार उघडलं. मागून आधी एक उशी आली, मग उशी धरलेली मुलगी (मुलगी म्हणजे तुझ्या-माझ्यापेक्षा मोठी), आणि मग तपकिरी स्वेटरातले एक अगदी लहानखुरे आजोबा. मिशी नाही. एका कानाने ऐकू येत नाही, आणि कोणत्या ते लोकांनी आपापलं ओळखायचं. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे. नाना स्वतः घेऊन गेले. परत आले तेव्हा इतके खूश होते, जणू दोघं मिळून पूल राखून आले.

आधी मुलांचं नाटक. बाकं एकावर एक रचून टेकडी, निळ्या चादरीची नदी, आणि पुठ्ठ्याच्या मिशा लावलेली सातवीतली एक मुलगी जनरल. तिने वाक्य असं काही म्हटलं की समोरच्या ओळीतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. जनरलसाहेबांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला विचारलं, हे कोण? ती त्यांच्या कानात म्हणाली, तुम्ही. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाले, मिशी छान आहे.

मग नानांचं भाषण. ताई, चांगलं झालं गं. आवाज तोच. डस्टर नव्हतं म्हणून त्यांनी तळहात टेबलावर आपटला, पाण्याचा पेला उडाला, तरी थांबले नाहीत. शेवटी जनरलसाहेबांकडे वळून, हात जोडून त्यांनी विचारलं, ‘साहेब, मी हे वाक्य आयुष्यभर शिकवलं. ते म्हणताना त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?’ जनरलसाहेबांनी चांगला कान पुढे केला. प्रश्न पुन्हा ऐकला. थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘जीप.’

काहींना वाटलं, कोडं आहे. मग त्यांनी बसल्या बसल्या, उशी नीट करत, जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचे शब्द मध्येमध्ये खोकल्यात गेले. सैन्य माघार घेत होतं ते त्यांच्याच हुकुमाने. पूल ओलांडायचा, पलीकडे जायचं, मग पूल उडवायचा, असं ठरलं होतं. जीप आली. बरोबरचा अधिकारी म्हणाला, साहेब, मागे बसा. त्यांनी मागे बघितलं, तर जीपमध्ये जखमी जवान भरलेले. कुणी त्यांना चढवलं होतं ते ठाऊक नाही. एकाचे पाय दुसऱ्याच्या मांडीवर, तिसरा अर्धा बाहेर. त्यांना उतरवून आपण बसावं, हा प्रश्नच नव्हता. म्हणून ते म्हणाले, मागे जागा नाही. तुम्ही ह्यांना पोचवा आणि गाडी परत आणा, मी इथेच थांबतो. पुढचं वाक्य इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही.

जीप गेली. हे पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेला उभे. टेकडीकडे तोंड करून उभे होते, ते ऊन मागून येत होतं म्हणून. आता बाजूने जाणाऱ्या जवानांनी काय बघावं, तर आपला जनरल वाहन पाठवून देऊन, एकटा, शत्रूकडे तोंड करून उभा आहे. एकाने दुसऱ्याला विचारलं, साहेब काय म्हणाले? दुसऱ्याने सांगितलं, मागे जागा नाही म्हणाले. ते तिसऱ्याकडे गेलं, तिसऱ्याकडून तुकडीकडे. पुलावर चढलेली माणसं उतरून परत आली. जनरलसाहेब म्हणाले, जीप परत येईपर्यंत माझ्याभोवती निम्मं सैन्य उभं. मी विचारलं, तुम्ही इथे काय करताय? तर म्हणाले, साहेब, तुम्हीच म्हणालात. ‘आता त्यांना कसं सांगू, मी गाडीची वाट बघतोय? मग लढावं लागलं.’

मुलं हसली. आधी मुलं, मग पालक, मग हसू नये असं ठरवलेले शिक्षक. मुख्याध्यापिकाबाई छताकडे बघत होत्या. पीटीचे मास्तर रुमालात खोकत होते. मी मात्र नानांकडे बघत होतो. ते माइकपाशी तसेच उभे होते, हात अजून जोडलेले. सोडायचं राहून गेलं होतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, साहेब, हे तुम्ही इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?

आणि तेव्हा ते हसू थांबलं. जनरलसाहेब म्हणाले, आधी युद्ध चालू होतं. मग वर्तमानपत्रात आलं. मग पुस्तकात. ‘आणि त्या पुलावर जे उभे राहिले, त्यातले बरेच परत आले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन मी काय सांगू? तुमचा मुलगा माझं अर्धंच वाक्य ऐकून थांबला?’ थोडा वेळ ते नुसते उशीची शिवण चाचपत बसले. मग म्हणाले, पण मागच्या सीटवरचे वाचले. एकाला पाय नव्हता. तो माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता, कुबडी घेऊन, सगळ्यांच्या आधी. मला म्हणाला, साहेब, तुमच्या जागेवर बसलो होतो, तो मी. आज तरी मला तुमच्या शेजारी बसू द्या. मुलगी मान हलवत होती. तिला ते आठवत होतं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पाटीवरचा पडदा काढायचा राहिला होता, तो नंतर कुणीतरी काढला.

घरी येताना नाना एक अक्षर बोलले नाहीत. पुढचे काही दिवसही तसेच गेले. जेवायचे, ताट धुवायचे, गच्चीवर जायचे. तुझ्या भावजयीने मुद्दाम भाषणातली वाक्यं चुकीची म्हणून बघितली, तरी दुरुस्त केली नाहीत. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

मुख्याध्यापिकाबाई दुकानात येऊन विचारू लागल्या, पाटी उतरवायची का? मी म्हटलं, थोडं थांबू. तेवढ्यात पालकसभा झाली. आता पालकसभेला लोक कुठे बसतात तुला माहीत आहे: शेवटच्या ओळीत, दारालगत, सभा संपायच्या आत निसटता येईल असे. पुढच्या ओळी वर्षानुवर्षं रिकाम्या. या वेळी प्रत्येक पालक दाराशी आला, वर बघितलं, वाचलं, ‘मागे जागा नाही’, आणि निमूटपणे पुढे जाऊन बसला. सभागृह पुढून मागे भरलं. शाळेच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं. बाई म्हणाल्या, पाटी राहू दे. (जनरलसाहेबांना फोन करून कळवलं, तेव्हा ते इतके हसले म्हणे, की मुलीने फोन काढून घेतला.)

त्यानंतर एकदा मी दुकानाच्या दारातून बघतो, तर समोरच्या बोळात नाना स्कूटरवर आणि पुढून भाजीची हातगाडी. बोळ अरुंद. एरवी ती हातगाडीच मागे जायची, तोंडाने पुटपुटत. नानांनी दोन्ही पाय टेकले आणि स्कूटर मागे घेतली. इकडे डुलत, तिकडे भिंतीला घासत, सराव नव्हता ना. भाजीवालाच घाबरला, म्हणाला, मास्तर, बरं वाटत नाही का? मी आत वळून एका ग्राहकाच्या ढालीवर उगाच फुंकर मारत बसलो. डोळ्यांत पितळेचा कीस गेला होता.

त्याच दुपारी ते दुकानात आले. स्टुलावर बसले, समोरचा एक चषक उचलून मांडीवर घेतला. मी काम करत राहिलो; नाना बोलणार असले की आपण त्यांच्याकडे बघायचं नसतं, हे तुला मी काय सांगू. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘ती निघाली तेव्हा मी तिला काय म्हणालो होतो?’ मी म्हटलं, नाना, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, ‘तू म्हण. मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.’ मी म्हटलं. माझ्या आवाजात ते वाक्य अगदीच केविलवाणं वाटलं, एखाद्या रिक्षावाल्याने म्हणावं तसं. ते ऐकून नाना म्हणाले, ‘त्या माणसाने आपली जागा दुसऱ्याला दिली आणि स्वतः रस्त्यावर उभा राहिला. मी त्याचंच वाक्य उचललं आणि पोटच्या पोरीला दार लावलं.’

लगेच त्यांनी मांडीवरच्या चषकावर बोट ठेवून सांगितलं की ‘द्वितीय’मधला ‘द्वि’ बुटका झाला आहे. खरोखरच झाला होता. मग मी म्हटलं, ताईला फोन लावू का? तर म्हणाले, नको, फोन ठेवता येतो. तू ठेवशील म्हणून भीती की ते स्वतः ठेवतील म्हणून, हे मी विचारलं नाही. जाताना दारात थांबले आणि मला विचारलं, ते पिपाणीवाले वाजवतात त्या वाद्याचं नाव काय? (इतकी वर्षं दाजी ‘तो पिपाणीवाला’ होते. ‘तो’चं ‘ते’ झालं होतं, तुझ्या लक्षात आलं का?) मी म्हटलं, क्लॅरिनेट. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा चुकलं. पण दाजींनी मनावर घेऊ नये, नियत चांगली होती.

तर ताई, एवढंच सांगायचं होतं. तुला राग सोड म्हणण्याचा मला हक्क नाही. मी तेव्हा दाराआड होतो आणि राग तुझा आहे, तो तू कुठे ठेवायचा ते तूच ठरव. मी फक्त जनरलसाहेब नेमकं काय म्हणाले ते कळवलं. इतिहासाच्या मास्तरांच्या मुलीला ते कळायला हवं, म्हणून. दाजींना नमस्कार, भाचीला खूप खूप आशीर्वाद. खांद्याला शेक घे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी भावजय विचारते, तू पाठवलेल्या त्या जाड रजईची खोळ उलटी शिवली आहे की आम्हीच ती उलटी घालतोय? सवडीने कळव.

ता. क. आता ते कारण. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. हे पत्र टपालाने आलेलं नाही. नाना स्वतः घेऊन आले आहेत. दाराखालून सरकवायचं, घंटी वाजवायची आणि खाली जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. तिला वाचून वर बोलवावंसं वाटलं तर बोलवेल, नाहीतर मी तसाच निघेन, म्हणाले. मला त्यांनी बजावून सांगितलं होतं की चारच ओळी लिही, माणूस ताटकळतो. त्या चार ओळींचं हे असं झालं. ही सूचना वरच लिहायला हवी होती, हे मला आत्ता पाकीट बंद करताना सुचतंय. पायरी गार असेल. जा लवकर.

ता. क. रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत, जेवणानंतर एक. आत आल्या आल्या ते सांगतील की मला संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय, चहासुद्धा नको. संध्याकाळची गाडी कधीच बंद झाली आहे. मी त्यांना ते सांगितलेलं नाही.